ओपीडीच्या रजिस्टरातून जर्नलपर्यंत : स्पीच-हिअरिंगचा पेपर कसा लिहायचा

बीड, लातूर, परभणी, हिंगोली कुठंही बघा, आपले स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिऑलॉजिस्ट दिवसभर लेकरं तपासायलेत, ऑडिओग्राम (कुठल्या आवाजाला किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढायलेत, कानाचे मोल्ड घ्यायलेत, सगळं रजिस्टरात लिहायलेत आणि वर्ष संपलं की रजिस्टर कपाटात. यातलंच काहीतरी जर्नलला पाठवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, आमच्याकडं मशीन कुठंय, इंग्रजी कुठंय, रिसर्च काय मुंबई-म्हैसूरवाल्यांनी करायचा. मला हे पटत नाही. या विषयात मशीन आणि इंग्रजी दोन्ही नंतर येतं, आधी येतं ते समोरचं लेकरू कुठल्या गावचं, घरात कोण त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलतंय, टेस्ट घेताना खोलीत पंखा चालू होता का बंद, हे लिहून ठेवणं. एवढं धड लिहिलेलं असलं तर उमरग्यातनं पण पेपर होतो.

तर सुरुवात प्रश्नापासून करा आणि प्रश्न लहान धरा. "मराठवाड्यातील बहिरेपणाची समस्या" हा प्रश्न नाही, ते भाषणाचं शीर्षक आहे. त्याच्याऐवजी, आपल्या सेंटरला पहिल्यांदा आलेलं जन्मतः ऐकू न येणारं लेकरू त्या दिवशी किती महिन्यांचं होतं आणि मधे कुठं कुठं फिरून आलं, हा प्रश्न झाला, कारण जगभर १-३-६ चा नियम धरतात, म्हणजे पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, आणि आपल्याकडं आजी म्हणते "याचा बाप बी उशिरा बोलला व्हता" आणि त्यात दोन-अडीच वर्षं निघून जातात. जालन्याच्या स्टीलच्या रोलिंग मिलमधल्या कामगारांच्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झला खड्डा, म्हणजे मोठ्या आवाजानं कान गेल्याची खूण, दिसतो का, हाही प्रश्न झाला. कायद्यात कामाच्या जागच्या आवाजाला आठ तासांना ९० डीबी (डेसिबल) ही मर्यादा दिलेली आहे, मग कोण कुठल्या मशीनपाशी किती वर्षं आहे ते विचारून ऑडिओग्रामच्या शेजारी मांडायचं, बस. एका पेपरात एकच प्रश्न ठेवा. दोन घातले की रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा, दोन्हीवरून धरतो.

प्रश्न ठरला की तो आधी कुणी विचारलाय का ते शोधा. पबमेड आणि गुगल स्कॉलर तर आहेच, पण मराठीवरचं बरंच काम पीएचडीच्या थिसिसमध्ये पडलेलं असतं आणि ते शोधगंगावर फुकट मिळतं, म्हैसूरच्या आयिशच्या (स्पीच-हिअरिंगची राष्ट्रीय संस्था) मास्टर्सच्या डेझर्टेशन पण ऑनलाईन बघता येतात. सरकारी कॉलेजात असाल तर २०२५ च्या जानेवारीपासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारी पैशानं जर्नलं वाचायला देणारी योजना, चालू झालंय, लायब्ररीत जाऊन आपल्या कॉलेजचं लॉगिन मागा, बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. प्रायव्हेट क्लिनिक असेल तर पेपरवर लेखकाचा ईमेल दिलेला असतो, दोन ओळीत सरळ मागायचा. लोक पाठवतात, आपला पेपर कुणीतरी मागितला याचंच त्यांना बरं वाटतं.

आता एथिक्स, म्हणजे अभ्यासाला लागणारी नैतिक मंजुरी. हे डेटा घ्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. जर्नल पहिल्याच फॉर्ममध्ये एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा नंबर आणि तारीख विचारतं, आणि तारीख डेटाच्या नंतरची निघाली की पेपर तिथंच संपला. स्वतःची कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजला विचारा, आपल्याकडं संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशी सरकारी कॉलेजं आहेत. बाहेरच्या माणसाचं प्रपोजल घेता का एवढं आधी फोनवर विचारून घ्या, आणि कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडं रजिस्टर आहे का तेही बघा, २०१९ च्या नियमांनंतर ते लागतं. जुनी रजिस्टरं काढून अभ्यास करायचा असेल तरी मंजुरी लागतेच, फक्त प्रत्येकाची संमती घेण्यातून कमिटी सूट देऊ शकते, पण ती सूट कमिटीनं द्यायची, आपण आपली घ्यायची नाही. आणि तुमचा विचार अर्ध्या लेकरांना एक थेरपी आणि अर्ध्यांना दुसरी द्यायचा असेल तर ती ट्रायल झाली, पहिलं लेकरू घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी ऑनलाईन नोंदवहीत) नोंद करा, पैसे लागत नाहीत.

संमतीपत्र मराठीत लिहा आणि मराठी म्हणजे मराठी, "सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही" असलं नको, बाई सही करून मोकळी होते आणि तिला काहीच कळलेलं नसतं. अंगठा असेल तर ज्याचा अभ्यासाशी संबंध नाही असा लिहितावाचता साक्षीदार पाहिजे. लेकरू अठराच्या खालचं असलं की आईवडिलांची सही, शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाईननुसार सात ते बारा वर्षांच्या लेकराचा तोंडी होकार आणि बाराच्या पुढं लेखी होकार. आवाजाचं किंवा व्हिडिओचं रेकॉर्डिंग असेल तर त्याची संमती वेगळी घ्या, कारण नाव खोडता येतं, आवाज खोडता येत नाही. आणि लहान तालुक्यात "माजलगावजवळच्या अमुक वाडीचा सहा वर्षांचा कॉक्लिअर इम्प्लांटवाला मुलगा" एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे, सगळ्या गावाला कळतं कोण ते. जिल्हा लिहा, वाडी नको.

ऐकण्याच्या टेस्टबद्दल रिव्ह्यूअर चार-पाच गोष्टी हमखास विचारतो, त्या रोजच्या नोंदीतच येऊ द्या. ऑडिओमीटर कुठला, हेडफोन कुठला, शेवटचं कॅलिब्रेशन कधी, खोलीतला आवाज किती. साऊंडप्रूफ खोली नसेल तर खोटं लिहू नका, शांत खोली लिहा आणि साऊंड लेव्हल मीटरनं मोजून आकडा द्या. कूलर, इन्व्हर्टरचा भुणभुण, बाहेर लग्नसराईचा डीजे, हे सगळं खालच्या फ्रिक्वेन्सीत घुसतं, २५० आणि ५०० हर्ट्झचे थ्रेशोल्ड, म्हणजे जिथनं ऐकू यायला लागतं ती पातळी, उगाच वर जातात आणि मग ज्याला काही नाही त्याला सौम्य बहिरेपण लागतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्यामागची तपासणी) २२६ हर्ट्झवर केली का १००० वर तेही लिहा, इतक्या लहान कानात २२६ वर विसंबता येत नाही.

आणि बहिरेपण किती हे सांगताना कुठली मोजपट्टी धरली ते लिहिल्याशिवाय पुढं जाऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पद्धत २५ डीबीपर्यंत नॉर्मल धरायची, २०२१ च्या रिपोर्टात ते २० च्या खाली आणलंय, म्हणजे चांगल्या कानाची सरासरी २२ डीबी असलेलं लेकरू जुन्या पट्टीत नॉर्मल आणि नव्या पट्टीत सौम्य. तेच लेकरू, तोच कान. अपंगत्वाचा २०१६ चा कायदा तर तिसरंच बघतो, दोन्ही कानात ६० ते ७० डीबी म्हणजे कमी ऐकू येणारा आणि ७० च्या पुढं बहिरा. वर सर्टिफिकेटवर टक्के असतात, आईबाप सांगतात "ऐंशी टक्के हाय त्याला", ते टक्के आणि डीबी एक नाहीत, टेबलात दोन्ही एका कॉलममध्ये टाकलेले पेपर माझ्याकडं वाचायला येतात आणि वाचून डोकं धरायची वेळ येते. सरासरी कुठल्या फ्रिक्वेन्सीची काढली, ५००-१०००-२००० ची का ४००० धरून, तेही लिहा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. बोलण्याची तपासणी. आर्टिक्युलेशनच्या, म्हणजे उच्चाराच्या, टेस्ट बहुतेक प्रमाण मराठीवर बांधलेल्या असतात आणि आपलं लेकरू "साळा" म्हणतं. फॉर्मवर तुम्ही काय लिहिता, श च्या जागी स, सब्स्टिट्यूशन, चूक. पुढं पाण्याला "पानी", लोण्याला "लोनी", ण च्या जागी न, चूक. विहिरीला "इहीर", वेळेला "येळ", व गाळला नाहीतर त्याचा य केला, चूक. झालं, पाच वर्षांच्या चांगल्या बोलणाऱ्या लेकराला पानभर चुका आणि वर स्पीच साऊंड डिसऑर्डरचं (उच्चारदोषाचं) लेबल, आणि बाहेर बाकावर त्याची आई शेजारणीला सांगायली की "साळेतल्या बाईनं पाठिवलंय". आई साळा म्हणते, आजी साळा म्हणते, मग लेकरानं शाळा कुठून आणायचं.

यावर उपाय अवघड नाही पण कुणी करत नाही. तीच चित्रं, तेच शब्द, आधी आईकडून किंवा जे कोण त्याला दिवसभर सांभाळतं त्याच्याकडून म्हणून घ्या आणि रेकॉर्ड करा. मग लेकराचे मार्क दोनदा द्या, एकदा प्रमाण मराठी धरून, एकदा घरची बोली धरून. दोन्ही आकडे टेबलात शेजारीशेजारी द्या. पहिल्या आकड्यात चूक आणि दुसऱ्यात बरोबर म्हणजे बोली, दोन्हीकडं चूक, म्हणजे आई "गाडी" म्हणतेय आणि हा पाच वर्षांचा झाला तरी "दादी" म्हणतोय, ते आपलं काम. हा फरक टेबलात दिसला ना, की बाहेरच्या देशातल्या रिव्ह्यूअरला पण कळतं की हा माणूस काय करतोय, कारण बोली आणि विकार वेगळे ठेवणं ही त्यांच्याकडं पण जुनी डोकेदुखी आहे, अमेरिकेत काळ्या समाजाच्या इंग्रजीवरून हाच वाद किती वर्षं चाललाय.

चित्रं पण बघून घ्या. जहाजाचं चित्र दाखवलं आणि हिंगोलीकडच्या लेकरानं "इमान" (विमान) म्हटलं तर ती भाषेची चूक नाही, त्यानं जहाज बघितलेलंच नाही. असे शब्द काढा किंवा बदला, आणि कुठले बदलले, का बदलले, ते मेथडमध्ये, म्हणजे पेपरात काम कसं केलं त्या भागात, लिहा. न सांगता बदलले तर टेस्ट मोडली, सांगून बदलले तर ते तुमचं काम.

आणि "भाषा : मराठी" एवढं लिहून भागत नाही. तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी (बंजारा) बोलतं, संभाजीनगर-परभणीच्या मोहल्ल्यात दखनी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, आणि अंगणवाडीत मराठी. कोण बोलतं, किती वेळ, लेकरू उत्तर कुठल्या भाषेत देतं, एवढे तीन प्रश्न विचारून ठेवले तरी पेपरची किंमत वाढते.

रेकॉर्डिंगला व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट वापरू नका, ती आवाज दाबून लहान करते आणि स श सारखे वरच्या फ्रिक्वेन्सीचे आवाजच त्यात जातात, म्हणजे नेमकं जे मोजायचं तेच गेलं. मोबाईल चालेल पण वेव्ह फाईल सेव्ह करणारं अ‍ॅप घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, माईक तोंडापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर, मोजायला पट्टीच ठेवा टेबलावर. आवाज तपासून बघायला प्रात नावाचं सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं, फुकट आहे आणि जगभर जर्नलं मानतात. ऐकून लिहिण्याचं काम एकट्याच्या कानावर सोडू नका, काही नमुने दुसऱ्याला द्या, तुमचं उत्तर न दाखवता, आणि दोघांचं किती जुळलं ते कॅपा (kappa) नावाचा जुळणीचा आकडा काढून द्या. आकडेमोडीला एसपीएसएस विकत घ्यायची गरज नाही, जामोवी फुकट आहे. लेकरं थोडी असतील तर सरासरीपेक्षा मध्यक आणि कमीत कमी-जास्तीत जास्त द्या, एखाद्या लेकरानं सगळी सरासरी ओढून नेलेली असते.

फॉलोअपवाल्या अभ्यासाला कॅलेंडर आपलं लावा, पाश्चात्त्य पेपरातलं उचलू नका. बीड, धारूर, आष्टीकडचे आईबाप दसरा-दिवाळीच्या पुढं कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात ते उन्हाळ्यालाच परत, लेकरू बरोबर किंवा आजीपाशी. सप्टेंबरात थेरपी सुरू करून डिसेंबरात फॉलोअप ठेवला तर अर्धी लेकरं गायब आणि पेपरात लॉस टू फॉलोअपचा (मधेच सुटलेल्यांचा) आकडा बघून रिव्ह्यूअर तुमच्यावरच संशय घेणार. म्हणून उन्हाळ्यात सुरू करा आणि टोळी निघायच्या आधी संपेल असं बसवा. ते जमत नसेल तर किती लेकरं ऊसतोडीमुळं आली नाहीत हे वेगळं मोजून सरळ लिहा. माझ्या मते तर तो आकडाच कधीकधी अख्ख्या पेपरपेक्षा मोलाचा असतो.

लिहायला बसताना प्रस्तावनेपासून सुरू करू नका. सगळे तिथंच अडकतात, "भाषा हे मानवाला मिळालेलं वरदान" वगैरे दोन पानं होतात आणि उत्साह संपतो. आधी मेथड लिहा, ते तुम्ही केलेलंच आहे. मग टेबलं, मग रिझल्ट, मग चर्चा, मग प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. मेथडची कसोटी एकच, नांदेडची एखादी मुलगी तुमचं वाचून, तुम्हाला फोन न करता, तेच तसंच करू शकली पाहिजे. "मुलांच्या उच्चारांची चाचणी घेतली" यात काहीच नाही. "मराठी घरातल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रं एकेक करून दाखवली, उत्तर आलं नाही तर पहिल्यांदा प्रश्न विचारून आणि तरीही नाही आलं तर शब्द म्हणून दाखवून पुन्हा म्हणायला लावलं, म्हणून दाखवलेले शब्द वेगळे मोजले" यात करणाऱ्याला रस्ता आहे. चर्चेत आपल्याला जे दिसलं त्याच्या पुढं उडी मारायची नाही, एका तालुक्यातल्या लेकरांवरून "मराठी मुलांमध्ये" असं लिहिलं की लाल शाई आलीच.

इंग्रजीची भीती घालवा. छोटी वाक्यं लिहा, एका वाक्यात एक गोष्ट, कुणी हसत नाही. एआयकडून भाषा सुधारून घेतली तर बहुतेक जर्नलांना तसं सांगावं लागतं, आणि त्यानं दिलेले संदर्भ एकेक उघडून बघा, नसलेले पेपर पण तो बिनधास्त देतो. एकाच रुग्णाची केस लिहायची असेल तर केअर गाईडलाईनची चेकलिस्ट आहे, रजिस्टरवरच्या अभ्यासाला स्ट्रोब, दोन्ही नेटवर फुकट.

जर्नल निवडताना आधी आपल्याला कुणी वाचावं ते ठरवा. भारतातल्या थेरपिस्टनी वाचावं असं असेल तर इशाचं (इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं) जर्नल आहे, आयिशचं आहे. कानाच्या डॉक्टरांनी वाचावं तर ईएनटीची जर्नलं. अमेरिकेतल्या स्पीच-हिअरिंग संघटनेची (आशा) जर्नल-परंपरा १९३६ पासूनची आहे आणि तिथं विषयाप्रमाणं वेगळी जर्नलं आहेत, ऑडिऑलॉजीचं वेगळं, शाळेतल्या कामाचं वेगळं, मूळ संशोधनाचं वेगळं, चुकीच्या दारात गेलात तर एडिटर न वाचताच परत करतो. निवडलेल्या जर्नलचे मागचे काही अंक चाळा, आपल्यासारखं काही त्यात येतंय का, मगच.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून जपा. "आदरणीय प्रोफेसर, आपला अमूल्य लेख तीन दिवसांत प्रकाशित करू" असा ईमेल आला की डिलीट. ओपन अ‍ॅक्सेस (वाचकाला फुकट) जर्नल फी घेतं हे खरं, पण पेपर पास झाल्यावर घेतं आणि फी किती ते आधीच साईटवर असते. एकाच अंकात कानाचा पेपर, सोयाबीनचा पेपर आणि जीएसटीचा पेपर असेल तर ते जर्नल नाही, दुकान आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची केअर यादी, वरच्या केअर गाईडलाईनशी हिचा संबंध नाही, २०२५ मध्ये बंद झाली, तरी "यूजीसी केअर मान्यताप्राप्त" सांगून पैसे घेणारे अजून फिरायलेत. एडिटोरियल बोर्डावरचं एखादं नाव घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या साईटवर ते जर्नल दिलंय का बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

लेखकांची नावं डेटा घेतानाच ठरवा, कागदावर. ज्यानं काम केलं, लिहिण्यात हात लावला, शेवटचा मसुदा मंजूर केला आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर देईल, तो लेखक, ही अट आंतरराष्ट्रीय आहे. खोली दिली म्हणून विभागप्रमुखांचं नाव पहिलं, हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि त्यावर बोलायला कुणी तयार नसतं, पण निदान ज्या ज्युनिअरनं उन्हात फिरून लेकरं आणली तिचं नाव आभारात ढकलू नका.

पेपर पाठवला की महिनोन्महिने काही येत नाही, ते नॉर्मल आहे. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचा. रिव्ह्यू आले की वाचून एक दिवस बाजूला ठेवा, मग प्रत्येक मुद्दा कॉपी करून त्याच्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते लिहा. पटला नाही तर कारण देऊन नाही म्हणता येतं. "हे उच्चार चुकीचे का धरले नाहीत" असं कुणी विचारलंच तर आईच्या रेकॉर्डिंगचं टेबल आहे ना तुमच्यापाशी, ते पुढं करा. नाकारला तर त्यांनी काढलेल्या खोडी दुरुस्त करून दुसऱ्या जर्नलला पाठवा, तसाच्या तसा नको, क्षेत्र लहान आहे, तोच रिव्ह्यूअर पुन्हा भेटू शकतो.

पास झाला की प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीची प्रत, येतं आणि ते दोन-तीन दिवसांत परत मागतात. तेव्हा टेबलातले आकडे मूळ शीटशी ताडून बघा, उणे चिन्ह गळलेलं असतं, डावा-उजवा कान उलटा होतो, ण चं चिन्ह न होऊन बसतं आणि मग सगळा पेपरच उलटा वाचला जातो. गावाचं-जिल्ह्याचं स्पेलिंग, आपलं आडनाव, मंजुरीचा नंबर, सगळं मोठ्यानं वाचून दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत तपासा, एकट्यानं वाचताना डोळे घसरतात.